टायटॅनियमच्या भांड्यांना सीझनिंग करावे का? त्यांची निगा कशी राखावी?

माधवी_क
नमस्कार. आमच्या घरात सध्या टायटॅनियमची म्हणून ओळखली जाणारी तीन भांडी आहेत आणि तिघांची वागणूक इतकी वेगळी आहे की एकाच नियमाने त्यांची निगा राखता येईल असे मला वाटत नाही. पहिला आहे तीन थरांचा तवा. त्याच्या आत टायटॅनियम, मध्ये ॲल्युमिनियम आणि बाहेर स्टील आहे. भावाने तो टोरंटोहून आणला. आतल्या पृष्ठभागावर कोणताही लेप नाही, फक्त बोटाला जाणवेल अशी बारीक खरखरीत नक्षी आहे. दुसरे माझ्या मुलाचे ट्रेकिंगचे भांडे, शुद्ध टायटॅनियमचे आणि अगदी पातळ पत्र्याचे. तिसरी इथेच घेतलेली 'टायटॅनियम नॉनस्टिक' कढई.

तव्यावर घावन चिकटते, ट्रेकच्या भांड्यात भात मधोमध करपतो. तव्याच्या माहितीपत्रकात सीझनिंगची गरज नाही असे छापले आहे, पण परदेशातील अनेक जण तेल जाळून थर चढवतात असे दिसते. बिडाच्या तव्याला आपण जसे तयार करतो तसे या भांड्यांना करावे का, कोणत्या तेलाने करावे, आणि रोजची स्वच्छता कशी असावी, याविषयी ज्यांनी ही भांडी खरोखर वापरली आहेत त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

खडकवासलेकर
माझे मत स्पष्ट आहे: धातू कोणताही असो, तेलाचा पातळ थर जाळून बसवला की पदार्थ सुटतो. आमच्याकडे लोखंडी कढई आणि बिडाचे दोन तवे आहेत. नवे भांडे आले की आधी साबणाने धुवायचे, कोरडे तापवायचे, जवसाचे तेल चोळून पुसून काढायचे आणि धूर निघेपर्यंत तापवायचे, असे चार-पाच वेळा केले की काळसर तुकतुकीत थर बसतो. टायटॅनियमला वेगळे शास्त्र कशाला हवे? माहितीपत्रके लिहिणाऱ्यांना घावन घालायचे नसते.

धातुवर्ग
खडकवासलेकर, आपली पद्धत बिडासाठी अगदी योग्य आहे, परंतु ती तशीच टायटॅनियमला लावण्यापूर्वी थर नेमका कशासाठी चढवतात हे पाहिले पाहिजे. बिडाच्या बाबतीत त्या थराची दोन कामे असतात. पहिले आणि अधिक महत्त्वाचे काम गंज रोखण्याचे, दुसरे पदार्थ सुटण्याचे. टायटॅनियमला पहिल्या कामाची गरजच नाही. हवा लागताच त्याच्या पृष्ठभागावर टायटॅनियम डायऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा घट्ट थर आपोआप तयार होतो, ओरखडा पडला तरी तो तत्काळ पुन्हा बनतो, आणि मीठ, चिंच, कोकम, टोमॅटो यांपैकी कशानेही तो विरघळत नाही. पितळेच्या पातेल्याला कल्हई लागते, कारण आंबट पदार्थ पितळेला खातो. इथे तो प्रश्नच उद्भवत नाही.

याचा अर्थ सीझनिंग निरुपयोगी आहे असा नाही. अर्थ इतकाच की ते संरक्षणासाठी आवश्यक नाही, केवळ सोयीसाठी ऐच्छिक आहे. शिवाय गुळगुळीत टायटॅनियमवर तेलाचा थर बिडाइतका पक्का धरत नाही. बिडाच्या खडबडीतपणात त्याला जागा मिळते, तशी इथे मिळत नाही. माधवीताईंच्या तव्यावर नक्षी आहे, त्यामुळे तिथे तो काही प्रमाणात टिकेल. ट्रेकच्या भांड्यावर बहुधा पापुद्रे सुटतील.

चिकटण्याचे आणि करपण्याचे खरे कारण मात्र उष्णतेच्या वहनात आहे. टायटॅनियमची उष्णतावाहकता साधारण २० वॅट प्रति मीटर-केल्विन, बिडाची ५०च्या आसपास आणि ॲल्युमिनियमची २००च्या वर असते. यात जाडी मिळवा. ट्रेकच्या भांड्याचा पत्रा ०.३ ते ०.५ मिलिमीटरचा असतो, बिडाचा तवा ४-५ मिलिमीटरचा. उष्णता आडवी पसरण्याची क्षमता वाहकता आणि जाडी यांच्या गुणाकारावर ठरते, म्हणजे बिडाचा तवा या बाबतीत त्या भांड्यापेक्षा वीसपटीहून अधिक पुढे आहे. ज्वाला जिथे लागते तिथलाच भात करपतो आणि दोन बोटे बाजूचा कच्चा राहतो, तो यामुळे. हे तेलाच्या थराने बदलणार नाही.

सह्यभ्रमंती
धातुवर्ग यांच्या म्हणण्याशी पूर्ण सहमत आहे. हरिश्चंद्रगड, राजमाची, रतनगड अशा अनेक मुक्कामांना मी शुद्ध टायटॅनियमचे भांडे वापरत आलो आहे आणि त्याला एकदाही तेलाचा थर दिला नाही. हे भांडे पाणी उकळण्यासाठी उत्कृष्ट आहे: चहा, सूप, नूडल्स, डाळीचे पातळ वरण. पाठीवर वजन वाहणाऱ्याला त्याचे मोल वेगळे सांगायला नको, कारण टायटॅनियमची घनता ४.५ आणि स्टीलची जवळपास ८ आहे.

भात किंवा खिचडी करायचीच असेल तर तांदूळ अर्धा तास भिजवावे, पाणी नेहमीपेक्षा थोडे अधिक ठेवावे, आणि उकळी फुटल्यानंतर आच इतकी बारीक करावी की ज्योत बर्नरच्या बाहेर येऊ नये. माझी पद्धत अशी की उकळी आल्यावर पाच-सात मिनिटांनी भांडे स्टोव्हवरून उतरवून झाकणासकट टॉवेलात किंवा लोकरीच्या टोपीत गुंडाळून ठेवायचे आणि उरलेला भात वाफेवर शिजू द्यायचा. मधे ढवळायचे असेल तर लाकडी चमच्याने तळाच्या मध्यभागापासून ढवळावे, कडेने नव्हे. पिठले मात्र या भांड्यात करू नये. बेसन तळाला लागायला वेळ लागत नाही आणि लागले की भांडे घासण्यात गडावरचे सगळे पाणी जाते.

चुलीवर ठेवल्यास बाहेरून काजळी बसते. ती मी पूर्ण काढत नाही, कापडी पिशवीत भांडे ठेवतो म्हणजे सॅक खराब होत नाही. रिकामे भांडे पेटत्या गॅसवर कधीही ठेवू नका. पत्रा इतका पातळ असतो की तळ बघता बघता लाल होतो, आणि इतक्या उष्णतेत धातू हवेतील ऑक्सिजन शोषून ठिसूळ होत जातो.

सुगरण_मालवण
ट्रेकच्या भांड्याबद्दल आपण म्हणता ते मान्य, पण माधवीताईंचा मूळ त्रास तव्यावरच्या घावनाचा आहे आणि तिथे तेलाच्या थराला ऐच्छिक म्हणून बाजूला ठेवणे मला पटत नाही. माझ्याकडे अशाच तीन थरांचा तवा आहे. थर न देता घातलेले घावन आणि थर दिल्यानंतरचे घावन यांत जमीन-अस्मानाचा फरक मी पाहिला आहे.

तवा मध्यम आचेवर तापवायचा, घाई करायची नाही. हाताची बोटे ओली करून पाणी शिंपडले की थेंब आधी फसफसून विरतात. आणखी तापल्यावर तेच थेंब गोळा होऊन तव्यावर फिरू लागतात. तिथे आच थोडी उतरवायची, नारळाच्या शेंडीने किंवा अर्ध्या कापलेल्या कांद्याने तेल सर्वत्र फिरवायचे, आणि तेल दिसेनासे झाले, केवळ ओलसर चमक राहिली की पीठ ओतायचे. पीठ पाण्यासारखे पातळ हवे, आणि ते बाहेरून आत गोल ओतायचे. जाळी लगेच पडते. झाकण ठेवून कडा स्वतःहून उचलू लागेपर्यंत उलथने लावायचे नाही. कडा सुटण्याआधी उलथने घातले तर बिडावरही घावन फाटते, टायटॅनियमवर तर हमखास.

बिडाच्या तव्यात उष्णता साठलेली असते, म्हणून एकामागून एक घावने घातली तरी तो दमत नाही. हा तवा ओल्या पिठाने लवकर निवतो. प्रत्येक घावनानंतर त्याला पुन्हा तापायला अवधी द्यावा लागतो. तो दिला नाही तर तिसरे-चौथे घावन चिकटते आणि दोष तव्याला दिला जातो.

थालीपिठाबद्दलही सांगते. आपण बिडाच्या गार तव्यावर थापतो आणि मग गॅस लावतो. या तव्यावर तसे केल्यास थालीपीठ धातूला धरून बसते. ओल्या फडक्यावर थापून तापलेल्या, तेल लावलेल्या तव्यावर सोडावे.

नवखा_गृहस्थ
जवसाचे तेल आमच्या गावात सहज मिळत नाही. शेंगदाण्याचे किंवा खोबरेल चालेल का?

तेलबिया
हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण सगळी तेले सारखा थर देत नाहीत. तेल तापल्यावर त्यातील असंतृप्त रेणू हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने एकमेकांना जोडले जातात आणि कडक थर बनतो. तेल किती असंतृप्त आहे याचे माप म्हणजे आयोडीन मूल्य. जवसाचे ते १७० ते २०० असते, पारंपरिक करडईचे १४०च्या आसपास, सूर्यफुलाचे साधारण १२० ते १४०, शेंगदाण्याचे ८६ ते १०७, आणि खोबरेलाचे जेमतेम ६ ते ११. म्हणजे खोबरेलाचा थर बनतच नाही असे समजावे. ते घावनाला चव देण्यासाठी वापरावे, तवा तयार करण्यासाठी नाही. शेंगदाण्याचे तेल चालते, पण सावकाश.

माझी पसंती करडईला किंवा सूर्यफुलाला आहे. जवसाचा थर सर्वांत कडक बनतो, पण तो ठिसूळही असतो आणि कालांतराने त्याचे पापुद्रे निघतात, अशी बिडाचे तवे वापरणाऱ्यांचीच जुनी तक्रार आहे. टायटॅनियमवर पकड मुळात कमी असल्यामुळे ती तक्रार लवकर उद्भवेल. करडई घेताना बाटलीवर 'हाय ओलेइक' लिहिलेले नाही ना, हे पाहावे. त्या जातीच्या तेलाचे आयोडीन मूल्य कमी असते.

तेल किती लावायचे यावर सगळे अवलंबून आहे. चार-पाच थेंब पुरतात. ते चोळल्यानंतर स्वच्छ सुती फडक्याने असे पुसावे की तवा कोरडा वाटला पाहिजे. मग मंद ते मध्यम आचेवर, तवा अधूनमधून फिरवत, हलका धूर येऊन थांबेपर्यंत तापवावा आणि आपोआप निवू द्यावा. दांडी धातूची असेल आणि ओव्हन असेल तर २३० अंश सेल्सिअसला तासभर तवा उपडा ठेवणे अधिक चांगले, कारण तिथे उष्णता सर्व बाजूंनी सारखी लागते. दोन किंवा तीन वेळा पुरे.

इरावती
मला एक वेगळी शंका आहे. टायटॅनियम डायऑक्साइडवर युरोपात बंदी आली असे वाचले होते. धातुवर्ग यांनी तर लिहिले आहे की भांड्यावर त्याचाच थर असतो. मग लहान मुलांचे अन्न यात शिजवणे योग्य आहे का?

धातुवर्ग
इरावतीताई, शंका रास्त आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये ज्यावर बंदी घातली ते ई-१७१ हे खाद्यपदार्थांना पांढरेपणा देण्यासाठी मिसळले जाणारे बारीक चूर्ण आहे, जे गोळ्या-चॉकलेटांबरोबर थेट पोटात जात असे. भांड्यावरचा थर त्याच संयुगाचा असला तरी तो चूर्णरूपात नसतो, धातूला एकजीव चिकटलेला असतो आणि स्वयंपाकातील आम्लांत विरघळत नाही. याच गुणामुळे हा धातू शरीरात बसवता येतो. स्वीडनमध्ये १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून दंतरोपणाला सुरुवात झाली आणि आज खुब्याच्या सांध्यांतही तो वापरतात. लेप नसलेल्या टायटॅनियमच्या भांड्यात मुलांचे अन्न शिजवण्यास मला कोणतीही अडचण दिसत नाही.

रत्नांग्रीकर
विषयाला धरूनच एक भर. टायटॅनियमचे मुख्य खनिज इल्मेनाइट आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत आहे. काळबादेवीच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी काळे पट्टे उघडे पडतात, ते बहुतांश त्याचेच. केरळात चवरा येथे अशाच वाळूवर मोठा उद्योग उभा आहे. खनिज विपुल असूनही भांडी महाग का, असे लोक विचारतात. याचे कारण धातू वेगळा करण्यात आहे. आधी क्लोराइड बनवावे लागते, मग आर्गॉन वायूच्या बंदिस्त वातावरणात मॅग्नेशियमने त्याचे क्षपण करावे लागते, म्हणजे क्लोरीन काढून घेऊन धातू मोकळा करावा लागतो. विल्यम क्रोल यांनी १९४०च्या सुमारास बसवलेली ही पद्धत आजही मुख्य आहे आणि ती खर्चिक आहे. म्हणूनच फार स्वस्त 'शुद्ध टायटॅनियम' दिसले तर विक्रेत्याला भांड्याचे वजन आणि थरांची रचना लेखी विचारावी.

अनिकेत_श्टुटगार्ट
इथे माझ्या घरी लेप नसलेला टायटॅनियमचा पॅन रोज वापरात आहे, त्यामुळे स्वच्छतेबद्दल लिहितो.

तापल्यावर त्यावर पिवळे, जांभळे, निळे रंग येतात. ते डाग नाहीत. उष्णतेने ऑक्साइडचा थर जाड होतो आणि प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे, म्हणजे थराच्या वरून आणि खालून परतणारे किरण एकमेकांत मिसळल्यामुळे, रंग दिसतात. स्टीलवरचे असे रंग व्हिनेगरने बरेचसे जातात, टायटॅनियमवरचे जात नाहीत, कारण हा ऑक्साइड व्हिनेगरला दाद देत नाही. ते घासून काढण्याचा आटापिटा करू नये.

करपलेला पदार्थ काढण्यासाठी पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून दहा-पंधरा मिनिटे उकळावे, निवू द्यावे आणि लाकडी उलथन्याने खरवडावे. लोखंडी तारेची घासणी टाळावी. टायटॅनियमला तिने फारसे काही होत नाही, पण लोखंडाचे सूक्ष्म कण नक्षीत अडकतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच गंज चढून तपकिरी ठिपके दिसतात. लोकांना वाटते भांडे गंजले. नायलॉनची घासणी किंवा नारळाचा काथ्या उत्तम. गंज काढणारी जी द्रावणे मिळतात त्यांत फ्लोराइड असेल तर ती या भांड्यांच्या जवळही आणू नयेत, कारण या धातूला खरोखर खाणाऱ्या मोजक्या रसायनांपैकी ते एक आहे.

इंडक्शनबद्दल: शुद्ध टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही आणि ते इंडक्शनवर चालत नाही. तीन थरांच्या भांड्याचे बाहेरचे स्टील चुंबकाला धरणारे असेल तरच चालते. फ्रिजवरचे चुंबक तळाला लावून पाहिले की कळते.

पोपटवाली_मीना
तिसऱ्या कढईकडे कुणीच वळले नाही, म्हणून लिहिते. 'टायटॅनियम नॉनस्टिक' म्हणजे बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची कढई, आणि तिच्यावरच्या लेपात बळकटीसाठी टायटॅनियमचे किंवा त्याच्या संयुगाचे कण. तिला सीझनिंग मुळीच करू नये. तेल धुरावेपर्यंत तापवले तर लेपावर चिकट तपकिरी किटण बसते आणि लेपाचा गुणच नाहीसा होतो. लेप टेफ्लॉनच्या जातीचा असेल तर २६० अंशांच्या पुढे तो बिघडू लागतो, आणि फार तापलेल्या अशा भांड्यातून निघणाऱ्या वायूंनी पिंजऱ्यातले पक्षी दगावतात. आमच्या घरी पोपट आहेत, म्हणून मी अशी भांडी स्वयंपाकघरातून काढूनच टाकली. ज्यांना ठेवायची आहेत त्यांनी रिकामी तापवू नयेत, फोडणी मध्यम आचेवर करावी आणि धातूचा चमचा लावू नये.

माधवी_क
सर्वांची मनापासून आभारी आहे. कढईला तेल जाळण्याचा विचार सोडून दिला आहे. तव्याला करडईचे तेल तेलबिया यांनी सांगितल्याप्रमाणे ओव्हनमध्ये दिले. सुरुवातीला फिकट सोनेरी छटा आली, नंतर ती मधाच्या रंगाची झाली. रविवारी घावने केली. पहिले थोडे धरले, पुढची सुटली. सुगरण_मालवण म्हणतात तसे दोन घावनांमध्ये तवा पुन्हा तापू दिला, त्याचा परिणाम मला तेलाच्या थराइतकाच किंबहुना अधिक जाणवला. मुलानेही भांडे टॉवेलात गुंडाळून भात करून पाहिला. तळाला किंचित लागला, पण करपला नाही.

खडकवासलेकर
वाचून आनंद झाला. धातुवर्ग यांचे गंजाविषयीचे म्हणणे मला पटले आहे. तरीही माझा आग्रह राहीलच की रोज वापराच्या तव्याला थर असावा. एक विचारायचे राहिले: त्याच तव्यात टोमॅटोची चटणी किंवा चिंचेची आमटी केली तर थर जाईल का?

सुगरण_मालवण
हळूहळू जातो. आंबट रस शिजत राहिला की थर आधी फिकट होतो, मग ठिपक्याठिपक्यांनी उतरतो. टायटॅनियमचे सुख असे की थर गेला तरी खाली गंजणारे काही नाही. बिडात आंबट शिजवले तर भाजी काळी पडते आणि लोखंडाची चव उतरते, इथे तसे होत नाही. तवा घावन-आंबोळीसाठी राखून ठेवा आणि आंबट पदार्थ थर न दिलेल्या दुसऱ्या भांड्यात करा. तेच भांडे दोन्हींसाठी वापरायचे असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी एकदा पुन्हा तेल द्यावे लागेल.

नवखा_गृहस्थ
मी सूर्यफुलाच्या तेलाने गॅसवर थर दिला. मध्यभागी चांगला बसला आहे, पण कडेला बोटाला चिकटतो. साबणाने धुतले तरी तसाच आहे. काय करावे?

तेलबिया
कडेला तेल जास्त राहिले आणि तिथे उष्णता पुरेशी पोहोचली नाही, म्हणून रेणूंची जोडणी अर्धवट राहिली आहे. आधी नवे तेल न लावता तवा मंद आचेवर ठेवा आणि प्रत्येक बाजूची कड आळीपाळीने ज्योतीवर आणून पाच-पाच मिनिटे तापवा. चिकटपणा पातळ असेल तर एवढ्याने तो कडक होतो. तरीही बोटाला लागत असेल तर तेवढ्या भागावर सोड्याची घट्टसर पेस्ट लावून तासभर ठेवा, काथ्याने घासून काढा, तवा पूर्ण कोरडा करा आणि त्या कडेपुरते एकच थेंब तेल घेऊन पुन्हा तापवा. मध्यभागाला हात लावण्याची गरज नाही.